स्पेनच्या बाईला दाखवलेला आजा

"तुमी बाहेर बसा. बोलणं मी करतो. मेंढरांचा वास फोनातनं जात न्हाय, पर तोंड दिसतंय की," मालक म्हणाले. त्यांच्या घरातली माणसं हसली. माझी नात रेणुका, तीसुदिक हसली. थोडीच.

म्या ओसरीवर बसलो. चपलांजवळ.

रेणुका पुण्याला स्पॅनिश शिकते. येरमाळ्याच्या आसपास ही भाषा कुणाच्या कानावर पडली नसंल. उन्हाळ्यात दीड महिना स्पेनला ऱ्हायचं, एका घरात, त्यांच्यातलं होऊन, दिवसभर त्यांचीच भाषा बोलायची, असं ठरलं. खर्च कॉलेजाचा. जायच्या आधी त्या घरच्या बाईला फोनवर हिच्या घरची माणसं बघायची हुती. आमच्या पत्र्याखाली नुसता फोन लागतो, तोंड दिसंल एवढी रेंज न्हाय. मालकाच्या बंगल्यात वायफाय. म्हणून गेलो. धुतलेलं धोतर, लाल मुंडासं. शाळा दुसरीपतूर. तिथनं पुढं मेंढ्या. रेणुकाचा बाप गेला तवा ती चार वर्सांची हुती. माझ्या खांद्यावर बसून तिनं रान बघितलं.

दार उघडंच हुतं. सोफ्यावर तिच्या शेजारी मालक, इस्त्रीच्या सदऱ्यात. रेणुका भराभरा बोलायला लागली. मला त्यातलं एकच कळतं. दिवाळीला आली तवा तिनंच शिकवलं हुतं, तिकडं आजाला आबुएलो म्हणत्यात. आठ दिवस मला त्याच नावानं हाका मारायची. म्या कळपामागनं ओ द्यायचो. लई गोड वाटायचं.

तोच शब्द आला. तिचा हात मालकाच्या खांद्यावर हुता.

म्या उठलो. चपला घातल्या अन् तसाच आत गेलो. पांढऱ्या फरशीवर माती उमटली. फोनम्होरं उभा ऱ्हायलो, छाताडावर हात ठेवला.

"आबुएलो," म्हणलं.

बाई गोंधळली. काहीतरी इचारलं तिनं.

"सांग तिला, गडी हाय आपला," मालक म्हणाले.

रेणुकानं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. अन् बोलली. चार-पाचच शब्द. बाईची शंका फिटली. मला हात हलवून टाटा केला तिनं.

घरी येताना म्या इचारलं, "काय सांगितलंस?"

"आबा, माझं जाणं हुकलं असतं," एवढंच म्हणली.

ती गेली. तिथनं फोन येतो. म्या घेत न्हाय. तिची आई रडती, म्हणती, "मामंजी, लेकरू हाय." व्हय, लेकरू हाय. आवाज ऐकायला जीव तुटतो माझा. फोन वाजतो तवर म्या हालत न्हाय, नुसता त्याच्याकडं बघत बसतो.

तीस वर्सं आमच्या मेंढ्या मालकाच्या रानात बसल्या. त्यांच्या लेंडीखतावर ह्यांचा ऊस वाढला. यंदा बसवल्या न्हाईत. दोनदा बोलावणं आलं. आता कवाच बसणार न्हाईत.

रेणुका त्या बाईच्या घरात जेवती, झोपती. आता भाषाबी चांगली आली असंल. तिनं तिथंच, बाईच्या तोंडावर सांगावं, माझा आजा मेंढ्या राखतो अन् त्या दिवशी फोनम्होरं उभा हुता तोच. हे सांगितल्याबिगर म्या तिच्याशी बोलणार न्हाय. परत आली, पाया पडली, तरी न्हाय. माझं वय झालंय. न बोलताच मेलो तरी चालंल.