एक किलो एकशे नव्वद ग्रॅम

वलगावच्या पुढे पेढी नदीच्या अंगाला एक लहानसं गाव आहे. तिथल्या अंगणवाडीत जमुनाबाई बावीस वर्षांपासून सेविका आहे. वय पंचेचाळीस, आवाज खणखणीत. दुकानदारानं बांधून दिलेली पुडी ती त्याच्यासमोरच सोडून पाहते. तेल घेतलं की बोटावर चोळून वास घेते. कांद्याचं पोतं घेतलं तर ते उलटं करून बुडाचे कांदे आधी बघते. चंद्रभानचं स्थळ आलं तेव्हा मुलाकडचे लोक नवीकोरी मोटारसायकल घेऊन आले होते. जमुनानं भावाला गुपचूप मागोमाग पाठवलं. गाडी चुलत्याची निघाली. लग्न झालं, संसार चांगला झाला, पण चंद्रभानला ते ऐकून घ्यावं लागलं नाही असा एकही पोळा गेला नाही.

दोन वर्षांपूर्वी तिनं मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी पदवी हवी होती. पुस्तकं मोबाईलवर यायची, तासही मोबाईलवर. एवढ्याशा पडद्यावर बारीक अक्षरं वाचून डोळे चुरचुरायचे. त्यात मध्येच कोणाच्या तरी आईचा फोन यायचा आणि धडा तिथंच राहायचा. तेव्हा तिनं लॅपटॉप घ्यायचं मनावर घेतलं. उजवा खांदा वर्षभरापासून आखडलेला, आणि दर रविवारी एसटीनं अमरावतीच्या अभ्यासकेंद्रात जाणं. म्हणून लॅपटॉप हलका हवा होता. काम तेवढंच, वाचणं, शोधणं, दोन पानं टाईप करणं.

अमरावतीत तिनं तीन दुकानं पाहिली. पहिल्या दुकानातल्या मुलीनं सगळ्यात स्वस्त लॅपटॉप पुढे केला.

"यात जागा किती हाय?" जमुनाबाईनं विचारलं.

"चौसष्ट जीबी, मावशी."

"त्यातली रिकामी किती?"

मुलीनं लॅपटॉप सुरू केला. मग तिनं उघडून दाखवलं. आतल्या प्रोग्रामांनीच अर्ध्याहून जास्त जागा खाल्लेली होती. "म्हंजे घर माहं अन् आत भाडेकरू आधीच बसेल हाय," असं म्हणून जमुनाबाई उठली. दुसऱ्या दुकानात रॅम चार जीबी निघाली. दुकानदार म्हणाला, रोजच्या कामाला पुरते. तिनं तिथंच विद्यापीठाचा तास लावायला सांगितला आणि सोबत दोन पुस्तकं उघडायला लावली. पडद्यावरच्या बाई तोंड उघडं ठेवून थिजल्या. तिसऱ्या दुकानातला लॅपटॉप चांगला पळाला, पण "एकदम लाईटवेट" म्हणून जो हातात दिला त्यानं खांद्यातून कळ गेली. तिनं वजन विचारलं. दुकानदार हसला. "मावशी, लॅपटॉप कोणी किलोवर घेते का?"

"मी घेतो," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

दिवाळीनंतर मावसबहिणीच्या घरी बारसं होतं म्हणून ती अकोल्याला गेली. जठारपेठेत बहिणीच्या घराजवळच एक लहान दुकान होतं. मालकाचं नाव यशोधन. घराणं वकिलांचं, वडील बापूसाहेब अजूनही कोर्टात जाणारे, पण यानं काळा कोट न घेता हे दुकान टाकलेलं. जमुनाबाईनं आपली गरज सांगितली. यशोधननं ऐकून घेतलं आणि कपाटातला महागडा लॅपटॉप दाखवायला निघालेल्या आपल्या माणसाला हातानंच थांबवलं.

"ताई, तो तुम्हाला नको. तुमच्या कामाला तो फार होतो." मग त्यानं आतून एक काळा, बारीक लॅपटॉप आणला. "हा नवा नाही, आधीच सांगतो. मोठ्या कंपन्या तीन वर्षं वापरतात आणि बदलतात, त्यातला आहे. आठ जीबी रॅम, आतली डिस्क नव्या पद्धतीची, म्हणून लवकर सुरू होतो. बॅटरी मी बदललीय. वजन एक किलो एकशे नव्वद ग्रॅम."

जमुनाबाईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. महाग वस्तू गळ्यात मारणारा दुकानदार तिला कळत होता. त्याच्यापासून जपायचं कसं, ते ठाऊक होतं. पण स्वतःहून स्वस्तातली काढून देणारा, वर जुनी आहे म्हणून सांगणारा माणूस? याच्या पोटात नक्की काय आहे?

तिनं दोन तास घेतले. विद्यापीठाचा तास लावला, चार पुस्तकं उघडली, चार्जर काढून अर्धा तास चालवला. कळफलकाची एकेक कळ दाबली. बिजागरी वीस वेळा उघडझाप केली. कंपनीच्या संकेतस्थळावर वजन लिहिलंय ते दाखवा म्हणाली. यशोधननं दाखवलं. मग ती म्हणाली, "हेच बिलावर लिहून द्या. वजनासकट."

"वजनासकट?"

"हो जी. वजनासकट."

त्यानं लिहून दिलं. सहा महिन्यांची हमीही लिहिली. एसटीत संपूर्ण वाटभर पिशवी मांडीवर ठेवून ती विचार करत होती. इतक्या सरळपणे कसा लिहून देतो हा माणूस?

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पोरं खिचडी खाऊन गेली तशी तिनं दार लोटलं. लेकरांचं वजन करायचा डिजिटल काटा फळीवरून उतरवला, शून्य आलं का पाहिलं, आणि त्यावर लॅपटॉप ठेवला.

एक किलो दोनशे नव्वद.

तिनं उचलून पुन्हा ठेवला. एक किलो दोनशे नव्वद. तिसऱ्यांदाही तेच.

"पाह्यलं का आशाबाई?" ती मदतनीस बाईला म्हणाली. "शंभर ग्रॅमचा फरक. दुसराच कोणता तरी माल खपवला, नाई तं आत काहीतरी भलतंच भरलं."

आशाबाई भांडी घासत होती. तिनं मान वर करून काट्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण जमुनाबाईचा चेहरा पाहून पुन्हा भांड्यांकडे वळली.

चंद्रभान म्हणाला, "शंभर गरामासाठी अकोल्याले जाशील? चालून राहिला ना तो?"

"आज शंभर ग्राम खोटं लिहिलं. बॅटरीचं कायले खरं लिहिलं असंल? तुमची मोटारसायकल बी चालतच होती."

चंद्रभान बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

शनिवारी सकाळच्या एसटीनं ती अकोल्याला पोचली. यशोधनच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिनं बिल आणि लॅपटॉप सगळ्यांदेखत टेबलावर ठेवला.

"भाऊ, तुमी मले फसवलं."

यशोधनचा चेहरा लाल झाला. एक गिऱ्हाईक हातातला माऊस खाली ठेवून काय होतं ते पाहू लागलं. "काय झालं, ताई?"

"बिलावर एक किलो एकशे नव्वद. काट्यावर एक किलो दोनशे नव्वद. फुकटचे पैसे समजले काय? घरचं दूध इकून जमवले मी."

"चार्जरसकट मोजला असेल."

"नुसता मोजला. तीनदा."

त्यानं लॅपटॉप उचलला. मग तिला घेऊन शेजारच्या मिठाईच्या दुकानात गेला. तिथल्या काट्यावर लॅपटॉप ठेवला. एक किलो एकशे नव्वद.

"हा तुमचा शेजारी," जमुनाबाई म्हणाली. "रोजचा चहा सोबत असंल."

"मग तुम्ही दाखवा तो काटा."

रस्ता ओलांडून ती दोन गल्ल्या पुढे गेली. एका धान्याच्या दुकानात, जिथं यशोधनला कोणी ओळखत नव्हतं, तिनं स्वतः लॅपटॉप ठेवला. एक किलो एकशे नव्वद. तिथून ती कुरिअरच्या कार्यालयात गेली. एक किलो एकशे पंच्याण्णव. कुरिअरवाला म्हणाला, "पाच ग्राम इकडेतिकडे होते, बाई."

ती फुटपाथवर उभी राहिली. यशोधन मागोमाग आला. आपण खरे निघालो याचा तोरा त्यानं दाखवला असता तर तिला बरं वाटलं असतं, भांडायला जागा राहिली असती. त्यानं एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही कोणत्या काट्यावर मोजला?"

"लेकरायच्या," ती म्हणाली. आणि ते स्वतःच्याच तोंडून ऐकल्यावर तिच्या ध्यानात आलं, दर महिन्याला लेकरं त्याच काट्यावर मोजली जातात. दुकानाच्या पायरीवर ती टेकली. यशोधननं पाणी आणून दिलं. ते तिच्या हातात तसंच राहिलं.

परतीच्या एसटीत तिला आशाबाईचं बोलणं आठवलं. दोन महिन्यांपूर्वी नत्थुजींच्या नातीला काट्यावरून उचलताना आशाबाई म्हणाली होती, "ताई, ही पोरगी हाताले काईच लागत नाई. काटा तं सात किलो म्हणते." तेव्हा जमुनाबाईनं तिला झापलं होतं. कामात टाळाटाळ करायला निमित्त शोधते, असं वाटलं होतं. "तुह्या हातावर रजिस्टर भरू का? काटा सांगते तेच खरं." साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईनं एका यंत्रावर मात्र डोळे मिटून भरवसा ठेवला होता, आणि त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्या बाईवर संशय घेतला होता.

सोमवारी तिनं किराणा दुकानातून साखरेची बंद एक किलोची पिशवी आणि आट्याची पाच किलोची पिशवी आणली. साखर एक किलो ऐंशी भरली, आटा पाच किलो चारशेच्या वर. म्हणजे जितकं वजन जास्त तितकी चूक जास्त. काटा कधी बिघडला कोणाला सांगता येईना. पावसाळ्यात फळीवरून एकदा पडला होता, पण शून्य बरोबर दाखवतो म्हणून कोणी पुन्हा पाहिलं नव्हतं.

"आशाबाई," ती म्हणाली. तिनं आट्याची पिशवी काट्यावरून उतरवली. "तू म्हणत होती ते बरोबर होतं."

आशाबाई म्हणाली, "मी बी काय, पोरं कडेवर घेऊन घेऊन कळते थोडं." आणि ती पिशव्या उचलून आत गेली.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा काटा मागून आणला. आधी त्यावर साखर आणि आटा ठेवला, दोन्ही बरोबर भरले, मगच लेकरं. एकतीस लेकरं पुन्हा मोजली. रजिस्टरमध्ये सगळी हिरव्या, म्हणजे चांगल्या वजनाच्या, पट्ट्यात होती. आता चार खाली आली. नत्थुजींची नात, बरोबर वर्षाची, सात किलो शंभर लिहिलेली, खरी निघाली साडेसहा किलो.

नर्सबाईंचा काटा घेऊन आशाबाईसोबत ती नत्थुजींच्या अंगणात उभी राहिली तेव्हा म्हातारा खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. ऐकल्यावर त्यानं हात थांबवले.

"मांगच्या महिन्यात तं चांगली म्हणे? तुमीच सांगतलं ना?"

"मीच सांगतलं, नत्थुजी. काटा खोटा होता. मी पारखला नाई."

"मंग आता जो आणला तो खरा कशावरून?"

जमुनाबाईनं काटा जमिनीवर मांडला. तिनं आशाबाईच्या हातातल्या पिशव्या मागून घेतल्या आणि म्हाताऱ्यासमोर काट्यावर ठेवल्या. त्यानं चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले. मग सुनेला हाक मारली. पोरीची आई पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन ती जमुनाबाईसोबत दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पोटातल्या जंतांचं औषध दिलं, आहार सांगितला, आठ दिवसांनी पुन्हा आणा म्हणाले.

वरच्या कार्यालयात आणखी वेगळं झालं. एका महिन्यात चार पोरं खाली कशी गेली, असा सवाल आला. पर्यवेक्षिका बाईंनी फोनवर विचारलं, "आधीचे आकडे घरी बसून भरले होते का?" आयुष्यभर दुसऱ्यांना विचारले तसले प्रश्न आता तिला कोणीतरी विचारत होतं. आपण खरं बोलतोय हे समोरच्याला दाखवता येत नाही तेव्हा माणसाचं काय होतं ते तिला पहिल्यांदा कळलं. जठारपेठेतला यशोधनचा लाल झालेला चेहरा तिला आठवला.

तिनं लॅपटॉप उघडला आणि आयुष्यातला पहिला अर्ज टाईप केला. जोडाक्षरं सापडेनात. 'ग्रॅम' लिहायला तिला दहा मिनिटं लागली, पण एकतीस लेकरांची जुनी आणि नवी वजनं, साखरेचा आणि आट्याचा आकडा, आपली चूक, आशाबाईनं आधी सांगितल्याचं, सगळं तिनं लिहिलं. आशाबाईचं नाव घातल्यावर ते तिला वाचून दाखवलं. तीन आठवड्यांनी नवा काटा आला. ठपक्याचं एक पत्रही आलं. जमुनाबाईनं दोन्ही सही करून घेतली.

फाल्गुनात नत्थुजींची नात साडेसातच्या वर गेली. आता दर महिन्याला काट्यावर ठेवण्याआधी आशाबाई लेकरू कडेवर घेते आणि वजनाचा अंदाज सांगते, जमुनाबाई तो रजिस्टरच्या कडेला पेन्सिलीनं लिहिते.

यशोधनची तिनं माफी मागितली नाही. तसं बोलणं तिला जमत नाही. त्याच्याकडे वलगाव सर्कलातल्या तीन सेविका मात्र तिनं पाठवल्या. त्या सत्राचे चारही पेपर सुटले, त्याचंही त्याला फोनवर सांगितलं. पण त्याआधी, फोन उचलल्या उचलल्या, ती म्हणाली होती, "भाऊ, काल बंद करून ठेवला तवा ब्याण्णव टक्के होते. आज उघडला तं अठ्ठ्याऐंशी. माहे चार टक्के कुठं गेले?"

यशोधननं सांगितलं, बंद असला तरी बॅटरी थोडी उतरते, सगळ्यांचीच उतरते.

"पाहातो," जमुनाबाई म्हणाली, आणि तारीख घालून तो आकडा वहीत लिहून ठेवला.