शांतवनभाऊंचा पाय

"सिस्टर, करंगळी जाईल. पाय वाचला तरी खूप," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. आत खुर्चीत शांतवनभाऊ बसलेले. एसटीतले रिटायर ड्रायव्हर, आमच्या चर्चचे सेक्रेटरी.

मी नगरच्या एका मिशन हॉस्पिटलात ड्रेसिंगची सिस्टर. रिटायर झाले तरी आठवड्यातून तीन दिवस जाते. घरी बसून करू काय?

भाऊंना जुनी शुगर. शुगरवाल्याच्या पायाच्या नसा बधिर होतात, खिळा रुतला तरी कळत नाही. करंगळीखालची त्यांची जखम वरून छान मिटली. दुखत नाही म्हणजे बरी, असं धरून महिनाभर ते फिरकलेच नाहीत. आत पू हाडापर्यंत गेला. अशी जखम परत उघडावी लागते, भाऊंची डॉक्टरांनी आदल्या दिवशीच उघडली होती. धुवायची, आत गॉज म्हणजे जाळीदार कापडाची पट्टी भरायची, रोज बदलायची. ती तळापासून भरून आली पाहिजे, वरून आधी मिटू द्यायची नाही.

मी स्टुलावर बसून बँडेजला हात घातला, तर भाऊंनी पाय मागं घेतला.

"तुमी नगा, बाई. दुसरं कोन न्हाई का?"

"आज मीच आहे."

कारण दोघांना ठाऊक होतं. माझ्या लेकीनं हिंदू मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा भाऊंनी चर्चचा हॉल दिला नाही. वर कमिटीसमोर म्हणाले, आईनंच वळण लावलं नाही. नऊ वर्षं झाली त्याला. मी माफ केलं होतं हो. दर रविवारी 'सलाम भाऊ' म्हणत होते.

"पाय द्या. पेत्रानंही असाच आखडला होता."

"त्यो प्रभूला लाजला. मी तुमाला लाजतोय."

"लाजता कशाला? यहूदाचेही पाय धुतलेच की प्रभूनं."

बोलून गेले मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पकडला जायच्या आधी, शेवटच्या जेवणाला येशूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पेत्र नावाचा शिष्य लाजून आधी नको म्हणाला, तरी त्याचेही धुतले. मन कसं बदलायचं ते त्यानं पाणी घेऊन, खाली बसून शिकवलं. दगा देणारा यहूदाही त्यातच होता. त्याचेही पाय त्याच पाण्यानं धुतले, त्याच रुमालानं पुसले. पाय हातात धरून टोमणा काही मारला नाही.

भाऊ खाली बघत म्हणाले, "व्हय. त्योच हाय मी."

माझा हात थांबला. मी बसले होते खाली, पण मनानं त्यांच्या डोक्यावर उभी होते. नऊ वर्षांचा सलाम नुसता वरच्या कातडीचा होता.

"चुकलं माझं, भाऊ."

भाऊंनी मान वर केली. मग त्यांनी विचारलं, "लेकीला पोरंबाळं काय?"

"दोन मुली."

"हॉल द्यायला पायजे हुता मी. लई ताठलो तवा." आणि पाय आपणहून माझ्या मांडीवर ठेवला. "करा काय करायचं ते. मला तर काय कळत न्हाई."

"मला कळतंय," मी म्हटलं, आणि हळूच गॉज काढला.

करंगळी गेली. पाय राहिला. जखम भरायला अडीच महिने लागले. मला किती लागले ते विचारू नका, अजून रविवारी कधी कधी ठुसठुसतं.

नव्या नर्स मुलींना मी एवढंच सांगते, ज्याचा पाय हातात आहे त्याला शास्त्र ऐकवू नये.