दारावरचं कुंकू आणि सत्तावीस नंबर

"हात लावशील तर बघ," शरदची आई म्हणाली आणि शरदच्या हातातलं फडकं खाली आलं.

मी स्टिकरची गुंडाळी काखेत धरून उभा होतो. समोर शरदची जुनी पद्मिनी गाडी, पांढरीशुभ्र, मोटारींच्या रॅलीसाठी सजवलेली. तिच्या दोन्ही दारांवर, बरोब्बर मधोमध, ताटाएवढं लाल स्वस्तिक. आणि मला तिथेच सत्तावीस नंबर चिकटवायचा होता.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नाशकात माझं स्टिकरचं दुकान नवीनच होतं. त्याआधी मी ब्रशने पाट्या रंगवायचो. मग कर्ज काढून प्लॉटर घेतला. प्लॉटर म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेलं मशिन. पेनाच्या जागी त्याला बारीक ब्लेड असतं, ते व्हिनाइलच्या, म्हणजे चिकट प्लास्टिकच्या शीटवर अक्षरं कापतं. नको तो भाग आपण हाताने सोलून काढायचा, मेथी निवडतात तसा. उरलेल्या अक्षरांवर चिकट टेप लावायची, अक्षरं टेपसकट कागदावरून उचलायची आणि गाडीवर बसवायची. एवढंच काम. पण गाडीला नंबर लागला की ती नुसती गाडी राहत नाही, रेसची गाडी होते. माझ्या अंगावर आजही त्या क्षणी काटा येतो.

शरद मखमलाबादकडचा, गुलाबाची शेती करणारा. सकाळी फुलं मार्केटला पोचवायची आणि दुपारी गाडी खोलून बसायचं, हा त्याचा दिनक्रम. त्या दिवशी संध्याकाळी पाचला मैदानावर स्क्रुटिनी बंद होणार होती. स्क्रुटिनी म्हणजे रॅलीआधीची तपासणी. नियम साधा होता. दोन्ही दारांच्या मधोमध, पांढऱ्या गोलात नंबर. नंबर नाही तर स्टार्ट नाही.

"मावशी, नंबर तिथेच लावावा लागतो," मी म्हणालो.

"लाव की. मी कुठं नाय म्हणते? पण स्वस्तिक पुसायचं नाय."

"आई, अगं, असं कसं होईल?" शरद कळवळून म्हणाला.

"मागच्या टायमाला पुसलं तू. काय झालं मग? गाडी उलटी, चाकं वर. दोन म्हैने प्लास्टर कोनाच्या पायाला व्हतं?"

शरदने फडकं खांद्यावर टाकलं. त्या बाईला अंधश्रद्धाळू म्हणून मोकळं होणं सोपं होतं, पण दोन महिने पोराचं सगळं अंथरुणातच तिने केलं होतं.

"वरूनच लाव ना," शरद माझ्या कानाशी कुजबुजला. "आत राहील झाकलेलं."

मी एक कोपरा टेकवून पाहिला. स्टिकर सरळ घसरून आला. बोट लावलं तर बोट तेलकट.

"मावशी, कुंकू तेलात कालवलंय?"

"मंग? पान्यातलं वाऱ्यानं उडून जातं. ही गाडी किती पळती! म्हनून तेलात, घट्ट कालवलं."

तिची युक्ती तिच्या जागी बिनतोड होती. माझ्या धंद्याची मात्र पुरती वाट लागली. व्हिनाइलला धूळ एकवेळ चालते, तेल अजिबात चालत नाही. साडेतीन वाजून गेले होते. मैदानाकडे बाकीच्या गाड्या आवाज करत निघाल्या होत्या. तो आवाज ऐकून शरदचा चेहरा पडला. वर्षभर राबला होता पोरगा.

आणि एकदम डोक्यात आलं. अरे, आपण दिवसभर करतो काय? इथलं उचलून तिथं बसवतो!

"मावशी, पुसणार नाही. उचलणार. इथून काढून आत ठेवणार, याच दाराला."

रॅलीच्या गाडीचं वजन कमी करायला दाराची आतली गादी काढून टाकतात. आत उघडा पत्रा होता. स्टिकरच्या मागचा गुळगुळीत कागद मी घेतला. त्याला काहीच धरून ठेवता येत नाही, जे लागेल ते तो सोडून देतो. तो कागद उजव्या दारावरच्या स्वस्तिकावर ठेवला, स्क्वीजीने म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच दाबला आणि अलगद सोलला. कुंकू घट्ट होतं, छान उठलं. मी मोठ्या खुशीत मावशींना दाखवलं.

"अरे देवा! उलटं झालं की रे!"

खरंच, कागदावर चारही हात उलटे वळले होते. मावशींनी तोंडावर पदर धरला. शरदने डोक्याला हात लावला.

मला मात्र हसू फुटलं. "मावशी, काचेच्या आतून लावायचे स्टिकर आम्ही उलटेच कापतो. थांबा जरा."

दार उघडून मी तो कागद आतल्या पत्र्यावर दाबला आणि काढला. स्वस्तिक सुलटं! रंग थोडा फिका, पण चारही हात जागच्या जागी. मी चक्क ओरडलोच. शरदने मला मिठी मारली. मावशी वाकून बघत राहिल्या.

"बाहेर उरलंय ते?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनीच पदराचं टोक धरलं, उरलेलं कुंकू टिपलं आणि पदर कपाळाला लावला. "पदराला लागलं, म्हंजी पुसलं नाय." दुसऱ्या दाराचंही तसंच केलं.

पुढची घाई काय सांगू! तेलाचा शेवटचा अंश काढायला स्पिरिट हवं. रॅलीच्या गाडीत फर्स्ट एड बॉक्स सक्तीचा असतो. त्यातली अख्खी बाटली दोन दारांना लागली. मग पांढरे गोल, त्यावर काळा सत्तावीस. स्क्वीजी फिरत होती, बुडबुडे पळत होते आणि मावशी मागून सूचना करत होत्या, "तिकडं फुगलंय बघ."

स्क्रुटिनीला आमची गाडी शेवटची. तपासणीच्या साहेबांनी नंबरच्या कडेवरून नख फिरवून पाहिलं, मान डोलावली. मग फर्स्ट एड बॉक्स उघडला.

"स्पिरिट कुठंय?"

"दाराला लागलं, साहेब," शरद म्हणाला.

साहेबांनी आतलं स्वस्तिक पाहिलं, मावशींकडे पाहिलं. "सकाळी स्टार्टच्या आधी भरलेली बाटली दाखवा," म्हणाले आणि पास केलं.

दुसऱ्या दिवशी फिनिशला मी मावशींच्या शेजारी उभा होतो. धुळीचा लोट दिसला आणि त्यातून सत्तावीस नंबर बाहेर आला. मी नाचलो, खोटं कशाला बोलू! पहिला-दुसरा कुठला नंबर आला नव्हता शरदचा, पण गाडी चारही चाकांवर परत आली होती.

मावशींनी शरदच्या बाजूचं उजवं दार उघडून आधी आतला पत्रा पाहिला. स्वस्तिक जवळजवळ नाहीसं झालं होतं. स्टिअरिंग फिरवताना शरदचा हात दिवसभर तिथे घासला होता. सगळं कुंकू त्याच्या उजव्या बाहीवर.

मावशींनी ती बाही हातात घेतली. डोळे भरून आले होते.

"लागलं ना अंगाला," म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर काढलं व्हतं."

तेव्हापासून दुकानात नवी गाडी आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पूजा झाली का? नसेल झाली तर आधी नंबर लावून देतो. झाली असेल तर म्हणतो, नंबर लावायला येताना आईला घेऊन या.