बाबली बरोबर, की एकटेच?

आमच्याकडे राहून गेलेल्यांच्या विसरलेल्या वस्तूंसाठी सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, बिस्किटांचा एक मोठा डबा ठेवलाय. त्यात चार्जर आहेत, चष्मे आहेत, एकदा एका गृहस्थांची कवळीही होती. कवळीवाल्यांचा फोन त्याच दुपारी आला. चार्जरवाले आठवड्याने करतात. किस्से मात्र परत मागायला कोणी येत नाही. ते साठतच जातात, आणि चार माणसं बसली की मीच डबा उघडतो.

आमच्या चार खोल्या कर्ली खाडीच्या काठी, देवबागच्या अलीकडे आहेत. मूळ घर धामापूरचं. तिथल्या काजू-कलमांकडे भाऊ बघतो. मी हायस्कुलात क्लार्क होतो, म्हणून गावात अजून 'भावसाहेब'. आमच्याकडे येणारे निम्मेअधिक लोक गळ टाकायला येतात. त्यांनी बॅगा खाली ठेवल्या की मी एकच प्रश्न विचारतो, "गायडेड की सेल्फ?"

गायडेड म्हणजे होडीत बरोबर बाबली. सेल्फ म्हणजे होडी तुमच्या ताब्यात. लाइफ जॅकेट अंगावर हवं आणि खाडीच्या तोंडाकडे जायचं नाही, एवढ्या दोन अटी.

बाबली साठीचा. जन्म या पाण्यावर गेला. एका पाहुण्यांनी फोनवर विचारलं होतं, "गाइडला इंग्लिश येतं का?" मी म्हटलं, "तो मराठीही फारसं बोलत नाही."

*

पुण्याहून तीन तरुण आले होते, कॉम्प्युटर कंपनीतले. भरती-ओहोटीच्या वेळा त्यांच्या मोबाइलवर मिनिटांनिशी होत्या. गाइडची गरजच नव्हती. बाबलीने वेळा ऐकल्या आणि विचारलं, "ह्यो टाइम खंयचो?"

"इथलाच, काका. मालवणचा."

बाबली पुढे काही बोलला नाही. वेळ मालवण बंदराची होती. खाडीत एवढं आत पाणी फिरायला बराच उशीर लागतो. पोरं ज्या वेळी 'आता पाणी चढेल' म्हणून निवांत बसली, त्या वेळी ते उतरतच होतं. होडी वाळूच्या पट्ट्यावर टेकली ती टेकलीच. दुपारी फोन आला, "काका, पाणी गेलं."

मी फोन बाबलीला दिला. तो म्हणाला, "गेला तसा येतला. टोपये घाला आणि बसान रवा."

तीन तास ती वाळूत बसली. संध्याकाळी परतली तेव्हा उन्हाने नाकं लाल झाली होती. मासा एकही नव्हता, पण टोपी भरून तिसरे, म्हणजे खाडीतले शिंपले, होते. बसल्या बसल्या कोणीतरी वाळू उकरली, शिंपला लागला, मग तिघेही उकरत राहिले. सुनंदाने सुकं करून वाढलं. जेवताना त्यातला एक बाबलीला म्हणाला, "काका, आधी सांगायचंत ना."

"सांगलंय असतंय तर तिसरे खंयसून गावले असते?"

*

याच्या उलट कोल्हापूरचे एक बिल्डर. त्यांनी फोनवरच सांगितलं, "गायडेड. बेस्ट माणूस द्या." बाबलीला दिला. होडीत बसल्यापासून साहेब बोलत होते. इथे नको, त्या झाडाजवळ घे. आता पलीकडे. त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं की मासा सावलीत असतो. बाबलीने ते म्हणतील तिकडे होडी नेली. चार तासांनी रिकाम्या हातांनी परतल्यावर ते मला म्हणाले, "तुमच्या गाइडने एक जागा दाखवली नाही हो."

मी नंतर बाबलीला विचारलं, तेव्हा त्याने सरळ सांगितलं, "ते माका जागे दाखवी होते. मी बघी होतंय."

*

गोव्यात नोकरीला असलेला एक मुलगा मोटरसायकलवरून आला. पाठीला रॉडची लांब नळी. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर तिथल्या शिपायाने थांबवलं, नळी उघडायला लावली. आतून रॉड निघाला. मग त्याने रीळ पाहिलं, गळ पाहिला, प्लास्टिकचे रंगीत मासे पाहिले आणि विचारलं, "ह्येच्यार काय गावता?" तो शिपाई किनाऱ्यावरच्या रेडी गावचा. बाप जन्मभर होडीवर. रस्त्याच्या कडेला अर्धा तास त्याने या मुलाला गाठ बांधायला शिकवली, जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंबी, शेपटीकडून कशी टोचायची ते दाखवलं, आणि अमावास्या जवळ आहे, पहाटेचं पाणी धर, असंही सांगितलं.

मुलगा आमच्याकडे पोचला. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"सेल्फ," तो म्हणाला. "गाइड नाक्यावर झाला."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन किलोची तांबोशी आणली. बाबलीने गळाची गाठ उलटसुलट करून पाहिली. "रेडीची गाठ," एवढंच म्हणाला, आणि दोन दिवसांनी मी त्याला स्वतःच्या दोरीला तीच गाठ मारताना पाहिलं.

*

आता जे सांगतो त्यात हसण्यासारखं काही नाही.

सोलापूरकडचे दोघे भाऊ. सेल्फ घेतलं, पण होडीला हातही लावला नाही. आम्हाला न सांगता गाडी काढून समुद्राच्या बाजूला गेले आणि कातळावर उतरले. तो कातळ ओहोटीला अंगणासारखा मोकळा दिसतो. भरतीला त्याच्या मागून पाणी भरतं, ते पुढे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही.

बाबली त्या दिवशी स्वतःच्या कामाला बाहेर गेला होता. त्याने होडीतून दोघांना पाहिलं आणि हातवारे केले. दोघांनी त्याला हात दाखवला. त्यांना वाटलं, रामराम करतोय. तो जवळ आला तोवर मागची वाट गेली होती. होडी कातळाला लावणं शक्य नव्हतं, लाटेने फोडली असती. त्याने नांगर टाकला, कमरेला दोरी बांधली आणि पोहत गेला. धाकट्याला पोहता येत नव्हतं. त्याला आधी आणलं. तो दोरी सोडेना, होडीत चढल्यावरही नाही. मग थोरला.

परत येईपर्यंत तिघांत एक शब्द झाला नाही. धाकटा ओल्या कपड्यांनिशी आमच्या पडवीत बसला. सुनंदाने दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा कप लादीवर सांडला. थोरला बाबलीला म्हणाला, "आम्ही तर सेल्फ सांगितलं होतं."

"व्हय," बाबली म्हणाला. "म्हणान मी वाटेत काय बोललंय नाय."

त्या रात्री बाबली जेवला नाही, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. तेव्हापासून तिसरी अट आली. कुठे जाणार ते फळ्यावर लिहून जायचं.

*

मागे एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं केरळला फिरायला गेलो. बाबलीची जिल्ह्याबाहेर जायची ती पहिलीच वेळ. तिथे एका मोठ्या खाडीच्या काठी होड्या भाड्याने मिळत होत्या. होडीवाल्याने हिंदीत विचारलं, आदमी साथ में चाहिए या खुद चलाओगे?

मी हसलो. चाळीस वर्षं वल्हं मारलेल्या माणसाला हा विचारतोय. मी सांगणार होतो, तेवढ्यात बाबली पुढे झाला. "आदमी चाहिए."

"अरे बाबली," मी म्हटलं.

"भावसाहेब, माका हयचा पाणी खंय म्हायत?"

तो पुढे जाऊन बसला आणि दोन तास त्या होडीवाल्याने दाखवलेलं सगळं बघत राहिला. मधेच एकदा काठाकडे बोट करून त्याने काहीतरी विचारलं. मोडक्या हिंदीपलीकडे भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती. तरी दोघे बराच वेळ बोलले. माझ्याशी एवढा कधी बोललेला मला आठवत नाही.

*

सांगलीचे जोगळेकर म्हणून एक रिटायर्ड इंजिनिअर मुलाबरोबर आले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे. दोन वर्षांत त्यांची नजर जवळजवळ गेली होती. उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा, चेहरा नाही. लहानपणी कृष्णेत होडी वल्हवलेली, पुढे नोकरी जाईल तिथे गळ घेऊन जाणारा माणूस. मुलगा दंडाला धरून त्यांना पायऱ्या चढवत होता.

मी विचारलं, "गायडेड की सेल्फ?"

मुलगा म्हणाला, "गायडेड."

त्याच वेळी वडील म्हणाले, "सेल्फ."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला यावरच वाद. मुलगा शांतपणे सांगत होता, "बाबा, तुम्हाला काठ दिसत नाही."

"मासा तरी कोणाला दिसतो?" ते म्हणाले.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून सांगितलं. माझ्या होडीत मी त्यांना एकटं सोडू शकत नव्हतो. जोगळेकरांनी समोरचं घावन बोटांनी बाजूला सारलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. ते बसणं मला बघवेना.

बाबली दारात उभा होता. "जावंदे तेंका," तो म्हणाला. "भांगाचा पाणी आसा. ओढ नाय."

अमावास्या-पौर्णिमेपासून दूरचे हे दिवस. पाणी फार चढत-उतरत नाही, ते खरं होतं. तरी मी निर्णय मुलावर सोडला. मुलगा उठून पडवीच्या टोकाला गेला, खाडीकडे एकदा बघून परत आला आणि म्हणाला, "दोन तास. जॅकेट काढायचं नाही."

बाबलीने त्यांना होडीत बसवलं. दोन्ही वल्ही हातात दिली. गळांची पुडी उजवीकडे, सुंगटांचा डबा डावीकडे, पाण्याची बाटली पायाशी. प्रत्येक वस्तूवर त्यांचा हात ठेवून दाखवला. मग म्हणाला, "जाताना वारो उजव्या गालाक लागांदे. परतताना डाव्या. गाल बदललो तर थांबा."

ते गेले. होडी वळणाआड झाली तसा बाबली शेजारच्या माडात शिरला. तिथे काठाला त्याची स्वतःची जुनी होडी होती. इंजिन न लावता, वल्ही मारत तो मागून निघाला.

मुलगा दोन तास धक्क्यावर बसून होता. सुनंदाने त्याला सोलकढी नेऊन दिली, ती तशीच राहिली.

पुढचं बाबलीने मला सांगितलं ते असं. त्याने मधे सतत हाकेएवढं अंतर ठेवलं. बिडी ओढली नाही, वास जाईल म्हणून. जोगळेकरांनी वळणाजवळ नांगर टाकला, बोटांनी चाचपून सुंगट टोचलं आणि बसले. दोन काळुंदरं लागली. लहान होतं ते पाण्यात सोडलं. मधे नांगर घसरला आणि होडी सरकत कालवांच्या खडकाकडे गेली. बाबली उठून उभा राहिला, पण त्याने हाक मारली नाही. जोगळेकरांनी वल्हं खाली घालून तळ चाचपला, कालवं लागली तशी होडी मागे घेतली. नंतर बराच वेळ ते स्वतःशी काहीतरी बोलत होते.

"काय बोलत होते?" मी विचारलं.

"ता माझ्यासाठी नव्हता," बाबली म्हणाला.

ते धक्क्याला लागले तेव्हा मुलगा धावत खाली गेला. त्यांनी आधी मासा त्याच्या हातात दिला आणि मग स्वतः उतरले. संध्याकाळी माझ्याशी बोलताना म्हणाले, "दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी दंडाला धरलेलं नव्हतं." बाबली तेव्हा मागच्या दाराने झावळ्या ओढत आला, सकाळपासून माडातच असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी निघताना मुलगा गाडीत सामान ठेवत होता. जोगळेकरांनी विचारलं, "बाबली कुठे आहेत?" बाबली पुढे आला. त्यांनी त्याचा हात शोधून दोन्ही हातांत धरला आणि मुलाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "तुमच्या होडीचं डावं वल्हं खुंटीशी करकरतं. थोडं खोबरेल सोडा."

"व्हय," बाबली म्हणाला. "सोडतंय."