जमिनीला विचारणारे साहेब

कुठल्याही नव्या साइटवर उतरले की आमचे साहेब पहिल्यांदा बूट काढायचे. शेजारी जो उभा असेल त्याच्या हातात ते द्यायचे, आणि शेजारी बहुतेक वेळा मीच असायचो. मग मोज्यांसकट मातीत उभे राहून डोळे मिटायचे, वाकून चिमूटभर माती उचलायचे, कपाळाला लावायचे आणि मान थोडी तिरपी करून कोणी काही सांगतंय असं ऐकायचे. शेवटी डोळे उघडून म्हणायचे, "विचारलं. हो म्हणते."

मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. एवढ्या वर्षांत जमीन त्यांना एकदाही नाही म्हणाली नाही. गाझियाबादच्या बाहेरची उसाची शेतं असोत, आमराई असो, गावाचं गायरान असो, आमच्या मालकांना जे हवं ते द्यायला जमीन नेहमी तयार असायची. फार गुणाची जमीन. तिच्यावर राहणारी माणसं तेवढी कटकट करायची, आणि ती कटकट मिटवणं हेच साहेबांचं काम होतं.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. गळ्यात रुद्राक्ष, खिशात मोबाईल, आणि तोही मोबाईल विटेएवढा होता तेव्हापासून. नव्वद सालानंतर दिल्लीच्या आसपास बिल्डरांचं पीक आलं, त्यात एका कंपनीत साहेब जमीन मिळवून देणारे अधिकारी होते आणि मी नकाशे काढणारा. ते पुण्याचे, मी सोलापूरकडचा. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून त्यांनी मला जवळ केलं. मला ते आवडत नव्हतं असं मात्र म्हणणार नाही. बूट धरायलाही एक ओळख लागते.

दर संक्रांतीला ते पानिपतला, तिसऱ्या लढाईच्या ‘काला अंब’ स्मारकाला जायचे. तिथून स्टीलच्या डब्यात माती भरून आणायचे. "मराठ्यांचं रक्त सांडलेली माती आहे ही, यार," असं म्हणत ते तो डबा कपाळाला लावायचे. मग वर्षभर ती माती चिमूट चिमूट करून प्रत्येक पायाभरणीत टाकायचे. क्लब हाऊसच्या पायात टाकली. पोहण्याच्या तलावाखाली टाकली. "जमिनीकडून घेतो ना आपण? मग तिला परत द्यायला नको?" चिमूटभर माती देऊन अकरा बिघे घ्यायचे, याला ते परत देणं म्हणत.

पुढे पुढे तर हा त्यांचा लौकिकच झाला. नोएडातल्या कंपन्यांमधली पुण्यामुंबईची तरुण मुलंमुली रविवारी त्यांच्याकडे यायची. साहेब त्यांना क्लबच्या हिरवळीवर पालथं झोपवायचे आणि म्हणायचे, "आईला सांगा, मी आलोय." ती हिरवळ आदल्या आठवड्यात ट्रकमधून गुंडाळ्या करून आणून अंथरलेली असायची. मुलं उठायची तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. मी लांब उभा राहून ते बघायचो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पण हा सगळा भाबडेपणा किंवा नाटक, जे काही होतं ते, मी हसून सोडून दिलं असतं. एक गोष्ट सोडवत नाही.

आमच्या सगळ्यात मोठ्या साइटवर, मोहरीच्या शेताच्या कडेला, चुन्यानं रंगवलेला एक ओटा होता. गुडघ्याएवढा उंच, वर ना मूर्ती, ना शेंदूर, ना कळस. समोर दिवा ठेवायला एक कोनाडा. हा त्या गावाचा भूमिया, म्हणजे गावच्या जमिनीचा राखणदार देव. गाव वसलं तेव्हा पहिली वीट जिथे ठेवली ती ही जागा, असं तिथले लोक सांगत. लग्न झालेली मुलगी सासरी जाताना इथं वाकायची, आणि घरात म्हैस व्याली की तिचं पहिलं दूध आधी इथं वाहायचं. ते वाहिल्याशिवाय त्या म्हशीचं दूध घरातलं कोणी तोंडाला लावत नसे.

ओट्याची देखरेख एका म्हातारीकडे होती. सगळे तिला अम्मा म्हणत. उंच, हडकुळी बाई, आवाज मात्र फौजदाराचा. नकाशात आमच्या कुंपणाच्या भिंतीची रेषा नेमकी त्या ओट्यावरून जात होती. एक दिवस मी फीत घेऊन मोजमाप करत होतो तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बेटा, अपनी दीवार चार हाथ परे कर ले. म्हारा भूमिया बच ज्यागा."

चार हात. भिंत तेवढी सरकवली की ओटा वाचत होता, आणि कागदावर ते एवढंसं होतं, पेन्सिलनं पुसून पुन्हा काढण्याइतकं. मी तिला म्हणालो, "साहब से पूछना पड़ेगा, अम्मा."

साहेबांना विचारलं. ते लगेच साइटवर आले. बूट माझ्या हातात. डोळे मिटले, माती कपाळाला. मग अम्माचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "अम्मा, आप चिंता मत करो. मैंने ज़मीन से पूछ लिया है."

"ज़मीन से तो मैं भी रोज पूछूँ," अम्मा म्हणाली. "मुझसे तो कुछ और कहवै."

साहेब हसले. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "देव हलतात रे. आपण नाही का आपले देव घेऊन दिल्लीला आलो? माणसं हलली की देवही हलतात." हे ऐकायला इतकं चांगलं वाटलं की मलाही क्षणभर पटलं. ज्याला आपला देव आपल्या हातानं उचलायचा आहे त्यानं तो जरूर उचलावा, पण दुसऱ्याचा देव आपण उचलायचा नसतो, हे मला फार उशिरा सुचलं. आणि चार हातांची गोष्ट मी पुन्हा काढली नाही.

भूमिया हलवला, आणि तोही थाटामाटात. ब्राह्मण आणले, हलवापुरी झाली, सरपंचाला फेटा बांधला. ओट्यातली एक वीट लाल कापडात गुंडाळून साहेबांनी स्वतः डोक्यावरून नेली आणि सोसायटीच्या बागेच्या कोपऱ्यात नव्या चौथऱ्यावर ठेवली. आणि इथं त्यांनी ती चूक केली, जी आपल्याकडचाच माणूस करू जाणे. त्यांच्या मूळ गावी शिवेवर म्हसोबा होता. जमिनीचा देव म्हटल्यावर त्यांना तोच आठवला. घरून आणलेला शेंदूर तेलात कालवून त्यांनी त्या विटेला बोटबोटभर जाड फासला आणि दोन चांदीचे डोळे चिकटवले. गावकरी एकमेकांकडे बघत राहिले. अम्मा तर आलीच नव्हती.

साहेबांचा हेतू वाईट नव्हता. तेवढं मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो. शेंदूर लावून झाल्यावर त्यांनी त्या विटेला साष्टांग नमस्कार घातला, मी पाहिलं आहे.

पुढच्या दोन वर्षांत इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले. कर्मचाऱ्यांना सवलतीत घरं मिळाली, त्यात साहेबांनी तळमजल्यावर बागेसमोरचं घेतलं आणि मी पाचव्या मजल्यावरचं. नव्या रहिवाशांनी बागेत शेंदूर फासलेला देव पाहिला आणि सरळ मारुती म्हणून हात जोडले. उत्तरेत शेंदूर म्हणजे बजरंगबली, दुसरं काही नाही. मंगळवारी बुंदीचे लाडू यायला लागले. मग संगमरवर आला, जाळीचं दार आलं, वेळापत्रकाची पाटी आली. मंदिराच्या कमिटीचे सेक्रेटरी अर्थात साहेब. भूमियाचा हनुमान झाला हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मी एकदा म्हटलं तेव्हा म्हणाले, "अच्छा है ना, बढती झाली त्याची."

त्यानंतर हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी मी भाजी घेऊन परत येत होतो, तर फाटकाशी आरडाओरडा चाललेला. अम्मा उभी होती. हातात फडक्यानं झाकलेला पितळी लोटा. पहारेकरी तिला आत सोडत नव्हता.

"दूध यहीं रख दो, पंडितजी चढ़ा देंगे," तो म्हणत होता.

"पंडत का के काम? म्हारी भैंस ब्याई है, भूमिया का दूध है."

साहेब मंदिरातून पूजा आटपून येतच होते. त्यांनी मोठ्या मनानं पहारेकऱ्याला बाजूला केलं, अम्माला हाताला धरून आत नेलं आणि जाळीच्या दारासमोर उभं केलं. मी पिशवी घेऊन मागोमाग गेलो. अम्मानं आत वाकून बघितलं. चांदीचे डोळे, शेंदूर, झेंडूचे हार, गदासुद्धा.

"यो तो बजरंगबली है," ती म्हणाली. "म्हारा भूमिया कित है?"

हिंदीत, मराठीत, इंग्रजीत तासतासभर जमिनीवर बोलणारे साहेब आता उत्तरासाठी दुसऱ्याचं तोंड शोधत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला जागा ठाऊक होती. भिंतीची रेषा मीच काढली होती. भिंतीला लागून आतल्या अंगाला, पार्किंगच्या फरशीखाली. पण मी भाजीच्या पिशवीकडे बघत राहिलो.

अम्माचा आवाज एरवीसारखा चढला नाही. लोटा साहेबांच्या हातात देत ती म्हणाली, "तैने हटाया, तू ही चढ़ा दे. जित गया हो, ढूँढ कै चढ़ा दे. लोटा मैं कल ले जाऊँगी." आणि ती निघून गेली.

साहेब तो लोटा दोन्ही हातांत धरून उभे राहिले. फडक्याची कड दुधात भिजत होती. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा चेहरा एकदम लहान झाला, चूक करताना सापडलेल्या मुलासारखा. त्या क्षणी मला त्यांची खरंच कीव आली. "कुठं होतं रे ते?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सांगितलं. कोणत्या खांबाशेजारी, तेही सांगितलं. तिथं साहेबांचीच गाडी उभी होती.

"गाडी काढावी लागेल," ते म्हणाले. "किल्ली वर... नाही, घरात आहे. आलोच." लोटा घेऊन ते घरात गेले. मी पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. मग भाजी घेऊन वर गेलो.

संध्याकाळी वहिनींचा, साहेबांच्या बायकोचा, फोन आला, "खाली या, गंमत आहे." गेलो. सोसायटीतली आणखी दोन मराठी कुटुंबं जमली होती. वहिनींनी ताटात पांढऱ्याशुभ्र वड्या मांडल्या होत्या. "किती वर्षांनी चीक मिळाला!" त्या आनंदून सांगत होत्या. "यांना गावातल्या कोणी बाईंनी आणून दिला. इथं दिल्लीत खरवस म्हणजे स्वप्नच हो." साहेबांची नात वडी हातात घेऊन विचारत होती, "आजोबा, ये कौन-सा पनीर है?"

"खरवस, बेटा. बिल्कुल दुर्मिळ," साहेब म्हणाले. मग माझ्या नजरेला नजर न देता पुढे म्हणाले, "नासून गेलं असतं रे. अन्न आहे. जमिनीनंच दिलंय."

इतक्या वर्षांत त्यांचा मला एवढा तिटकारा कधी आला नव्हता. लोटा कोणाचा, दूध कशाचं, हे त्या खोलीत साहेबांखेरीज फक्त मला ठाऊक होतं. मी ताट बाजूला सारून उठायला हवं होतं. पण वेलदोडा बेताचा पडला होता, गोडी नेमकी होती, आणि आईच्या हातचा खरवस शेवटचा कधी खाल्ला ते मला आठवत नव्हतं. मी एक वडी खाल्ली आणि दुसरी मागून घेतली.

निघताना साहेबांनी घासून लख्ख केलेला लोटा माझ्या हातात ठेवला. "सकाळी तू लवकर निघतोस ना? फाटकावर म्हातारी येईल, तिला देऊन टाक."

साहेब गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शोकसभेत त्यांना भूमिपुत्र म्हणाले, जमिनीशी बोलणारा माणूस म्हणाले. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी घसा बसल्याचं कारण दिलं.

लोटा परत करायचा त्या सकाळी धुकं होतं. अम्मा फाटकाबाहेर आधीच येऊन थांबली होती. मी लोटा दिला.

"चढ़ा दिया?" तिनं विचारलं.

"हाँ, अम्मा."

"ठीक जगह पै?"

"बिल्कुल ठीक जगह पे. साहब ने अपने हाथ से."

तिनं लोट्यात वाकून बघितलं, तो कपाळाला टेकवला आणि मोठा श्वास सोडला. "चल, इब बालक पी लेंगे," ती म्हणाली. "परसों से दूध खातर रोवैं थे." आणि घरी पोरांना दूध द्यायचं म्हणून ती म्हातारी जवळजवळ धावतच गावाच्या वाटेला लागली.