रेडकर काकूंचे चार मॉनिटर

चारही मॉनिटर लागले होते, चारांवर चित्र आलं होतं, आणि रेडकर काकूंनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं होतं. "बंद करा तां," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माका गरगरता."

मी टेबलाखाली वायरींमध्ये बसले होते. कॉम्प्युटर जोडून द्यायचा धंदा मी बोरिवलीत बावीस वर्षं करतेय. माझ्या मशीनकडे कोणी पाठ फिरवली असं पहिल्यांदाच झालं. राग आला, खोटं कशाला सांगू.

चूक खरं तर दुकानातच झाली होती. रेडकर काका दहिसरहून आले होते. रिटायर्ड माणूस, हातात कापडी पिशवी. म्हणाले, "चार मॉनिटरचा कॉम्प्युटर पाहिजे. दिवसभर बघायचंय, मधलं काही चुकायला नको." आमच्या भागात चार मॉनिटर मागणारा माणूस शेअरवालाच असतो. मी पुढे काही विचारलंच नाही. वर शहाणपणा केला, "काका, या वयात जपून हं." ते नुसते हसले.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्र दाखवणारा भाग. एका मशीनला किती मॉनिटर लागतील हे बहुतेक त्याच्या मागच्या पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या जागांवर, ठरतं. शेअरवाल्यांना मी एक जुन्या मॉडेलचं, चार पोर्टचं कार्ड घालून देते. आकडे बदलण्यापलीकडे त्यांच्या स्क्रीनवर काही हलत नाही, त्यामुळे ते झकास चालतं. काकांनाही तेच दिलं.

आणि इथे घरी येऊन बघते तर शेअर कुठले? चार मॉनिटरवर त्यांच्या मालवणकडच्या घराचे चार कॅमेरे. घर बंद असतं म्हणून चोराचिलटाच्या भीतीने बसवलेले. अंगण, विहीर, मागची बाग आणि वाडीत येणारी पायवाट.

काका मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेले. "मणक्याचं ऑपरेशन झालं, ताई. दोन वर्षं गावाला जाता आलं नाही तिला. डॉक्टर म्हणतात, एवढा प्रवास आता नकोच. तेव्हापासून ती अशी भिंतीकडे तोंड करून पडते. मोबाइलवर गाव दाखवलं, तर माणसं मुंगीएवढी. म्हटलं, मोठं मोठं लावू. निदान या अंगावर तरी वळेल."

"मग दुकानात बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"



आत आले. काकूंना विचारलं, नक्की काय त्रास होतो? त्या भिंतीलाच म्हणाल्या, "शेवंता धड चालत नाय. एक पाय उचलता तो एकदम तुळशीकडेच. मधला आंगण खय गेला?"

शेवंता त्यांची शेजारीण. एकाच महिन्यात लग्न होऊन दोघी त्या वाडीत आलेल्या. आता बंद घराच्या तुळशीत रोज संध्याकाळी तीच दिवा लावते.

आधी मी गावच्या नेटवर खापर फोडलं. पण काकांच्या मोबाइलवर तोच कॅमेरा सुरळीत चालत होता. मग मशीनमध्ये पाहिलं, तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन धापा टाकत होता. कॅमेऱ्याचं चित्र येतं ते घट्ट बांधलेल्या बोचक्यासारखं. ते सोडायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, त्याला डिकोड म्हणतात. माझ्या जुन्या कार्डाला ही नवी गाठ सोडवताच येत नव्हती, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर. एक बोचकं त्याने कसंबसं सोडलं असतं. चार म्हटल्यावर वाट लागली.

"नेट खराब आहे?" काकांनी विचारलं.

"नाही काका. कार्ड चुकीचं आहे. मी चुकीचं दिलं."

दुसऱ्या दिवशी चार पोर्टचं नवं कार्ड घेऊन गेले. गेमवाली पोरं नाक मुरडतील असं, पण त्याला ती गाठ सोडवता येत होती. बसवून होईतो दिवेलागण झाली. काकू भिंतीकडेच तोंड करून होत्या.

"अगो, बघ तरी," काका म्हणाले.

काकू वळल्या, पण आमच्यावर उपकार केल्यासारख्या. पायवाटेच्या मॉनिटरवर शेवंता दिसली. मग अंगणाच्या. एकेक पाऊल टाकत, डावा पाय जरा ओढत, अख्खं अंगण चालून ती तुळशीपाशी आली. दिवा लावला, वात सारखी केली. मला वाटलं, झालं, आता जाईल. पण ती घराच्या पायरीवर जाऊन बसली. एवढी मोठी पायरी मोकळी असून अगदी कडेला.

"माझी जागा सोडून बसली हा," काकू म्हणाल्या.

थोड्या वेळाने मला विचारलं, "माझो आवाज तिका जायत?"

"नाही हो काकू. या कॅमेऱ्यांत ती सोय नाही."

"ऱ्हवंदे," म्हणाल्या आणि बघत राहिल्या. मी उगाच वायरी आवरत बसले.

त्यानंतर दुकानातल्या ऑर्डरच्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवला. 'मॉनिटर किती' याच्या खाली 'काय बघायचंय'. गिऱ्हाईकं हसतात, पण भरतात. रेडकर काकांचा जुना फॉर्म फायलीतून काढून त्यावर तो रकाना मी पेनाने आखला आणि स्वतःच भरला: शेवंता, चालताना.