कटापुरती दोन माणसं

वहिनी आमच्याच गोडादऱ्याच्या गल्लीत राहायची, मूळची धुळ्याकडची. नवरा पॉवरलूमवर, ती घरी साड्यांचे धागे कापायची. पण तिच्या कामापुढेही शेठच्या वहीत नाव नवऱ्याचं, मजुरी त्याच्याच हातात. मी तेव्हा संपाची पत्रकं लिहायचो. एका पत्रकात लिहिलं, घरातला निर्णय दोघांचा. तिला ते वाक्य फार आवडलं होतं. साड्यांच्या गठ्ठ्यांत घालून तिने ती पत्रकं घरोघर पोहोचवली.

संपाच्या सकाळी एका कारखान्यात मागांचे पट्टे कापलेले सापडले. कापताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. पोलीस तिच्या नवऱ्याला न्यायला आले, तेव्हा नवरा सांगेल तेच करतेस ना, असं एकाने तिला गुजरातीत हिणवलं, "तारो वर कहे एम ज करे ने तू?"

ती तडकली. "काबरं? आम्ही दोन्हीसनी मिळीसन ठरवं!"

ती संपाबद्दल बोलत होती. पोलिसांनी ते पट्ट्यांबद्दल लिहून घेतलं आणि दोघांवर कटाचं कलम लावलं. पत्रक लिहिलं मी, आत गेली ती.

कोर्टाच्या पायऱ्यांवर वकील म्हणाले, "कटाला दोन माणसं लागतात. इंग्रजांच्या कायद्यात नवरा-बायको एकच, फक्त त्या दोघांचा कट होत नाही. आपल्याकडे ती सूट नाही."

"मजुरी देताना ती एक माणूससुद्धा नव्हती!"

"भाषण बाहेर कर. तिला म्हणायला सांग, मला काही कळत नाही. ती सुटली की दुसरा माणूसच उरत नाही. मग तोही सुटेल."

हा निरोप मीच तिला दिला. तिने विचारलं, "भाऊ, तुमनं पत्रक काय सांगस?"

मी वकिलांचं म्हणणंच पुन्हा सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या. त्यासले घर आननं शे."

न्यायाधीशांसमोर ती पदर सावरून म्हणाली, "माले काय समजस, साहेब? त्यासनी सांगं, मी कयं."

नवऱ्याने सांगितलं, तिने केलं, यावर साहेबांनी मान डोलावली. सरकारी वकीलही हसले. कुणी साक्षीदार मागितला नाही, उलट प्रश्न केला नाही. त्या इमारतीत तिचं एवढं एकच म्हणणं सगळ्यांना पटलं, आणि ते खोटं होतं.

दोघं सुटली. पुढच्या आठवड्यात मी नवं पत्रक घेऊन गेलो. नवरा खाटेवर बसला होता. ती धागे कापत होती. तिने मान वर केली नाही.

"त्यासले इचारा," म्हणाली.